कडक भाकरीचं देऊळ

ये गं, अशी जवळ ये. किती लांब जाऊन बसलीस! आपली आई, अव्वा, कानडीत हाक मारायची तशीच मारते, "बा इल्ली, कुंद्रु." ये इकडं, बस. आणि बसलीस की आधी माझी बोलणी खा, चहा मागनं.

परवा तुझ्या सुनेनं फोनवर हसत हसत विचारलं, "मावशी, तुम्ही लग्नाला नेलेलं भाकरीचं देऊळ पावसात भिजून पडलं म्हणं?" पावसात? अगं, एक थेंब तरी पडला होता का? तू तिथं बिल्डिंगमधल्या बायकांना गोष्ट सांगतेस ती अशी अर्धी गिळून. पाऊस घातला की गोष्ट लवकर संपते आणि तू कुकर लावायला मोकळी, माहीत आहे मला. पण सोलापूरच्या माणसानं तरी पावसाचं खोटं सांगू नये. तो आधीच आपल्याकडं यायला सतरा वेळा विचार करतो.

म्हणून मीच लिहायला बसले. मला लिहिण्याचं शिक्षण काही नाही. सातवीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ते दोघांनाही आता आठवत नाही. पुढं जे आलं ते दुकानातनं आलेल्या पुड्यांचे कागद वाचून आलं. एखादी बातमी अर्धीच हाती यायची, उरलेली मी मनानं पुरी करायची. तेव्हा बोलते तसंच लिहिणार. आणि आणखी कोणी वाचत असेल तर त्यांनाही सांगते, जिला मी रागावतेय ती माझी पाठची बहीण. नवरा गेल्यावर लहान लेकराला कडेवर घेऊन ती सोलापूरला परत आली आणि माझ्या घरापासून दोन दारं सोडून राहिली. तिच्या हाताला भाकरी, माझ्या हाताला चटणी. दोघींनी मिळून तेच केलं, दुकानांना दिलं, त्यावर तिचं पोरगं शिकलं आणि माझ्या घराला रंग लागला.

कडक भाकरी काय असते ते आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण लांबच्यांना सांगायला हवं. ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ थापायची, वरून तीळ दाबायचे, तव्यावर भाजून झाली की निखाऱ्याच्या धगीला उभी करून ठेवायची. सगळं पाणी निघून जातं. टिचकी मारली की टण् वाजते. आमच्या कोरड्या हवेत ती महिनोन् महिने तशीच राहते. दह्याबरोबर खा, शेंगाच्या चटणीबरोबर खा, नाहीतर नुसती मोडून तोंडात टाका.

आता गोष्ट. आपल्या गल्लीतली ती आपली तिसरी मैत्रीण, बालवाडीत शिकवणारी, तिला सगळी गल्ली 'बाई' म्हणते म्हणून आपणही बाईच म्हणायचो. आईचं करता करता तिचं लग्नाचं वय गेलं. आई गेली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. एकटीला घर खायला उठायला लागलं म्हणून तिनं पुढची खोली नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला दिली. मुलगी डोंगरातली, महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला एक वाडी आहे तिथली. तिला आई नव्हती. बाप भेटायला यायचा तो तांदळाचं पोतं आणि स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन. उन्हाळ्यात आला की आपल्या सोलापूरच्या उन्हात बिचारा मेणासारखा वितळायचा, आणि बाई त्याला ताकावर ताक द्यायची. ते ताक देणं-घेणं त्या पोरीनंच पहिल्यांदा ओळखलं. पोरीनं बापाचं लग्न जमवलं! असं आपण कधी ऐकलं नव्हतं.

बाई आपल्याकडं आली तेव्हा तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी शेंगा कुटत होते. ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "ज्येष्ठातला पहिलाच मुहूर्त धरलाय. त्यांच्याकडंच हाय लग्न. पण गं, त्यांच्याकडं रुखवत मांडायची पद्धत हाय. नवरीच्या माहेरनं काय आलं ते सगळी वाडी बघायला येती. मी काय मांडू? माझं माहेर कुटं हाय आता?"

तू हातातला गोळा परातीत आपटलास. "का? आमी मेलो काय?"

झालं. त्या दिवसापासून आपण दोघी तिचं माहेर.

रुखवतात लोक काय काय मांडतात, करंज्यांचे डोंगर, साखरेचे मोर, मण्यांचे बंगले. तू म्हणालीस, आपण कडक भाकऱ्यांचं देऊळ करायचं. खाली ताटाएवढी भाकरी, मग जरा लहान, मग आणखी लहान, असं वर चढत जायचं, चार कोपऱ्यांना चार छोटी शिखरं आणि मधल्या कळसाला तिळाचा लाडू. तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळासारखं. मी म्हणाले, "मोडंल." तू म्हणालीस, "तू चटणी बघ."

आणि नेमकं त्याच दिवसांत तुझ्या लेकाचा मला फोन आला. तुला नाही, मला. बंगळूरहून. "मावशी, हिला जुळं हाय म्हणाले डॉक्टर. हिच्या आईला तर उठता येत नाही. मी आईला कवाधरनं म्हणतोय, चल, इथं कायमची राहायलाच ये. ती म्हणती, लग्नाहून आल्यावर सांगते. खरं सांगू, ती तुझ्यामुळं अडलीय. अक्काला सोडून कशी येऊ म्हणती. तू सांग ना तिला. तुझं ऐकंल ती."

मी म्हणाले, "बघते."

माझं 'बघते' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. दुकानदार जास्त उधारी मागतो तेव्हा मी त्याला 'बघते' म्हणते.

तू मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतंस. मीही तुला विचारलं नाही. तू भाकऱ्या थापत राहिलीस, मी डबा पुसत राहिले. पत्र्याचा मोठा डबा, पिठाचा असतो तसला, आत जुनी मऊ लुगडी अंथरून एकेक भाकरी आपण झोपवली. तान्ह्या लेकराला झोपवतात तशी. आणि माझ्या मनात एकच. ही काय सांगणार आहे पोराला?

एसटीत तू डबा बाकावर आपल्या मधे घेऊन बसलीस. कंडक्टर आला.

"आजी, डबा वर ठेवा की."

"वर ठेवला तर फुटंल."

"काय हाय त्यात, काचा?"

"देऊळ हाय," तू म्हणालीस.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "खरंच देऊळ हाय, दादा."

"मग आवगड झालं. बायांना अर्धं तिकीट हाय, देवाला फुल लागतंय." असं म्हणून तो हसला, आणि पुढं प्रत्येक स्टँडवर चढणाऱ्या माणसाला सांगू लागला, "बेतानं या, आत देऊळ हाय."

टेंभुर्णी गेली, उजनीच्या पाण्यावरचा ऊस आणि केळी गेली, अकलूजला आपण केळ्यांची फणी घेतली. फलटणपर्यंत तू बोलत होतीस, बाईनं कसली साडी घ्यायला हवी होती, नवऱ्याचे दात खरे आहेत का बसवलेले. मी हूं हूं करत होते. डबा आपल्या दोघींच्या मधे होता आणि ती न बोललेली गोष्टही मधेच होती, त्यामुळं मला अंग चोरून बसावं लागलं.

वाईच्या पुढं घाट लागला. तू लिंबू हुंगायला सुरुवात केलीस. वर पाचगणीच्या जवळ खिडकीतनं धुकं आत आलं, गार, ओलं, चेहऱ्यावर कुणी ओला हात फिरवावा तसं. मी पदर कानावरून घेतला. तू अंगावरची शाल काढलीस आणि डब्याला गुंडाळलीस.

"भाकरीला थंडी वाजती व्हय?" मी म्हणाले.

"वाजंल की. सोलापूरची हाय."

तुला तेव्हा कळलं होतं ते मला कळलं नाही. म्हणजे तुलाही कळलं नसणार, नुसतं बोलून गेलीस.

उतरलो तिथं नवरदेव स्वतः जीप घेऊन उभे. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात स्वेटर, आणि आपल्याकडं लोक सावली शोधत फिरत असतील ह्याच वेळेला! "ताई, द्या डबा," म्हणाले. तू डबा दिला नाहीस. "लगीन लागूपर्यंत तुमचा आमचा भरवसा न्हाय," म्हणालीस. बिचारा माणूस लाजून पुढं जाऊन बसला. तेव्हाच मला तो आवडला. लाजणारा म्हातारा वाईट नसतो.

वाडीत मात्र बायका टेहळणी करत उभ्या होत्या. ह्या वयात लगीन, आणि तेही देशावरची नवरी. नवरदेवांची एक म्हातारी आत्या होती, तिची जीभ अडकित्त्यासारखी. तिनं आपल्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवरीकडनं ह्या दोघीच आल्यात व्हय?"

तू म्हणालीस, "दोघीच हाव, आत्या. पर बसाय लागलो की चौघींची जागा लागती."

बायका हसल्या. आत्या हसली नाही, पण सरकून जागा केली.

दिवेलागणीला आपण पडवीत बाक मांडून देऊळ उभं केलं. तू श्वास रोखून एकेक भाकरी ठेवत होतीस आणि मी खालून हात धरून उभी. कळसाला लाडू बसला तेव्हा सगळ्या वाडीनं 'आ' केला. माझी चटणी पितळेच्या डब्यात, देवळाच्या दारात, द्वारपालासारखी. जो येई तो टिचकी मारून बघे. टण्, टण्. आत्यानंही मारली. "ही भाकरी हाय का कौल?"

"भाकरी हाय, आत्या," तू म्हणालीस. "सहा महिनं अशीच ऱ्हाती. आमच्याकडं एकांदी सून नांदत न्हाय, पर भाकरी नांदती."

किती फुगलो होतो आपण त्या संध्याकाळी! बाई हळदीच्या अंगानं दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर बाकावर उभं होतं आणि बाकासकट चांगलं कंबरेएवढं उंच होतं.

आता ऐक, आणि सुनेला हे सांग. सकाळी मला आधी जाग आली. पडवीत आले तर धुकं थेट आत येऊन बसलेलं, वाडीतल्या पाहुण्यासारखं. बाकावर अंथरलेली आपली सोलापुरी चादर हाताला ओली लागली. आणि देऊळ! कळस एका अंगाला झुकला होता, लाडू घरंगळून बाकाखाली, चारी शिखरं एकमेकींच्या गळ्यात पडल्यासारखी, आणि खालच्या मोठ्या भाकऱ्या कडेनं लोंबत होत्या, दोरीवरच्या ओल्या फडक्यासारख्या. मी एकीला हात लावला. मऊ. सुनेनं नुकती तव्यावरनं काढून द्यावी तशी मऊ. मी सत्तरीला आले, पण मऊ पडलेली कडक भाकरी कधी बघितली नव्हती. आपल्याकडं हवेला पाणी असतं हेच माहीत नाही कुणाला. डबाभर भाकऱ्या झाकून ठेवायची अक्कल आपल्याला सुचली नाही, कारण जन्मात कधी लागली नव्हती.

तू आलीस. बघितलंस. पदर तोंडाला लावून खालीच बसलीस.

मग बाई आली. मला वाटलं, आता ही रडणार. ती बघत राहिली, आणि मग अशी हसायला लागली की खांबाला धरून उभं राहावं लागलं. "अगं, माझ्या माहेरनं तर आल्या आल्या मान टाकली की!"

तिच्या हसण्यानं आत्या जागी झाली. आता हिचा अडकित्ता चालणार म्हणून मी मान खाली घातली. तर आत्यानं लोंबणारी एक भाकरी उचलली, हुंगली, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "चव चांगली हाय. पर आवं, आमच्याकडं मिटाला बी पानी सुटतंय, भाकरीचं काय घिऊन बसलाय? आगीफुडं धरा."

'आगीफुडं धरा' ऐकलं मात्र, तू उठलीस. पदर खोचलास. "चुली कुणाकुणाकडं हायत?"

मग काय ती धावपळ! मुहूर्त दुपारचा, आणि सगळ्या वाडीच्या चुली लग्नाच्या स्वयंपाकाऐवजी आपल्या भाकऱ्यांसाठी पेटल्या. ज्या बायका आदल्या दिवशी दाराआडनं टेहळत होत्या, त्या एकेक भाकरी हातावर घेऊन पळत होत्या. तू ह्या घरातनं त्या घरात. "अगं, आडवी न्हाय, कडंवर उभी कर. जाळतीस काय! जरा लांब, लेकराला श्याक देतीस तशी. तुज्या सासूला शेकतीस का भाकरीला?" जिला बोललीस त्या पोरीची सासू शेजारीच बसलेली, तीही हसतेय. घटकाभरात तुला सगळ्या वाडीची नाती पाठ झाली. कुणाची चूल धुरकट आहे, कुणाच्या सुनेचा हात जड आहे, कुणाला दिवस गेलेत. त्या दिवस गेलेल्या पोरीला तू चुलीपुढनं उठवलंस आणि तिच्या जागी स्वतः बसलीस. बसता बसता तिच्या पाठीवरनं हात फिरवलास.

आणि मी? मी चटणीचा पितळी डबा हातात धरून पायरीवर उभी होते. चटणीला काही झालं नव्हतं, त्यामुळं मला कुणाची हाक नव्हती. मी नुसती तुझ्याकडं बघत होते.

लहानपणापासून मला वाटायचं, तू माझ्यामुळं निभावतेस. तू परत आलीस तेव्हा मी तुला दोन दारांवर घर बघून दिलं, दुकानं मी जोडली, तुझ्या पोराला शाळेत मी घातलं. माझ्यावाचून तुझं कसं होणार, हे मी इतकं म्हटलं होतं की ते मला खरंच वाटत होतं. आणि इथं परक्या डोंगरात, परक्या चुलीपुढं तुला येऊन एक रात्र झाली होती आणि बायका तुला विचारल्याशिवाय फुंकणी उचलत नव्हत्या. तुझं कुठंही होणार होतं. तुझ्यावाचून जिचं होणार नव्हतं ती पायरीवर चटणी धरून उभी होती.

देऊळ पुन्हा उभं राहिलं. आधीच्यापेक्षा बुटकं, कडांना काळपट, एक शिखर कमी. पण मला तर तेच खरं देवळासारखं वाटलं, चार उन्हाळे-पावसाळे बघितलेलं. अंतरपाट धरायला एका बाजूला नवरदेवांची ती नर्स लेक, दुसऱ्या बाजूला तू. पडदा बाजूला झाला तेव्हा बाईनं मान वर केली आणि आधी नवऱ्याकडं नाही, आपल्याकडं बघितलं. मी मान हलवली, पुढं बघ म्हणून. अक्षतांनी तिचे पांढरे केस आणखी पांढरे झाले.

मग रुखवत मोडलं. आपणच मोडलं आपल्या हातानं, आणि प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि वर चटणी. डोंगरातली माणसं! नाकातनं पाणी, डोळ्यांतनं पाणी, 'आई आई' करत पुन्हा हात पुढं. आत्यानं तीनदा मागितली. जाताना तिनं तुझा हात धरला. "तू ऱ्हा की हितंच. हिला जाऊ दे." हिला म्हणजे मला! तू हसलीस. मीही हसले, पण तुझा दुसरा हात मी धरला.

बाई जीपपर्यंत आली. आयुष्यभर पोरांना 'उभं राहा, हात जोडा' सांगणारी, ती आता स्वतःच हात जोडून उभी राहिली. देवळाची सगळ्यात वरची, पुरीएवढी भाकरी तिनं मागून ठेवून घेतली होती. "चुलीवर फळ्यांचा माळा हाय ना, तितं ठेवली. आता नरमायची न्हाय," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत डबा रिकामा होता. तू तो वरच्या फळीवर टाकून दिलास. आपल्या दोघींच्या मधे काहीच उरलं नाही. घाट उतरताना एका वळणावर खाली वाई दिसते, आणि धोम धरणाचं पाणी. तिथं मी म्हणाले, "जा."

"कुटं?"

"कुटं म्हणजे? पोराकडं."

तू खिडकीतनं बाहेर बघत राहिलीस. "त्यानं सांगितलं तुला?"

"व्हय."

"कवा?"

"डबा भरायच्या आदी."

"आणि तू आत्ता सांगतीस? येवडा घाट चढून, लगीन लावून, उतरल्यावर?"

"तू तरी कुटं सांगितलंस?"

तू नाक पुसून म्हणालीस, "मला वाटलं, तू मला जाऊ नको म्हणशील."

"म्हणणार होते."

"मग म्हण की."

"आता कशाला?"

"म्हण की गं अक्का. एकदा तरी म्हण."

पुढच्या बाकावरची बाई वळून बघत होती. बघू दे म्हटलं. मी म्हणाले, "जाऊ नको."

तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस, लहानपणी जत्रेतनं येताना बैलगाडीत टेकायचीस तसं. "बास," म्हणालीस. "आता जाते."

वाई येईपर्यंत आपण दोघी रडलो का हसलो ते त्या पुढच्या बाईला विचारायला पाहिजे.

तुला जाऊन आता दुसरं वर्ष चाललंय. जुळी फोनमध्ये तोंड घालतात, कधी नुसतं नाक दिसतं, कधी कान. थोरलं कुठलं, धाकटं कुठलं, मला कळत नाही, तूही चुकतेस हे मला ठाऊक आहे. तू सांगतेस, बंगळूरची हवा गार, भाकरी दोन दिवसांत नरमते, गॅसपुढं धरून धरून हात दुखतात. तुझी सून आता कडेवर उभी करायला शिकली म्हणालीस. बरं वाटलं. मग रात्रभर बरं वाटलं नाही.

इकडचं सांगते. दुकानदार चटणी घेताना विचारतो, "मावशी, भाकरी?" मी दोनदा करून बघितली. तुझे दाजी, दिवसभरात दोन शब्द बोलणारा माणूस, त्यांनी ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "नकाशा छान आलाय." तेव्हापासनं मी परातीला हात लावला नाही. बाई डोंगरातनं येणाऱ्या माणसाबरोबर कधीतरी भाकऱ्या पाठवते. माळ्यावर धुरात ठेवते, त्यामुळं त्यांना धुराचा वास येतो. दाजी दुधात बुडवून खातात. मी कोरडीच खाते, टण् वाजवून.

पण खरं सांगू का, भाकरीचं नाही मला काही. चार वाजले की मी शेंगा घेऊन बसते. तेव्हा दोन दारं सोडून तुझ्या परातीचा आवाज यायचा, थप थप, थप थप, आणि माझा बत्ता आपसूक त्याच्यावर पडायचा. इतकी वर्षं मी चटणी तुझ्या हाताच्या ठेक्यावर कुटली आणि मला ते कधी कळलं नाही. आता बत्ता कसाही पडतो. कधी शेंगा जाड राहतात, कधी पीठ होतं आणि तेल सुटतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, हात बदलला का?" मी म्हणाले, "हात तोच हाय."

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. शनिवारी उघडते, झाडते, खिडकी जरा उघडी ठेवते. तुझ्या तव्याला तेलाचं बोट फिरवून ठेवलंय, गंजू नये म्हणून. परात पालथी आहे. ज्वारी मी नवीन भरली, निवडून, ऊन देऊन. तुझ्याकडच्यासारखी ओली हवा नाही इथं, काही होत नाही तिला. पण ज्वारीलाही किती दिवस नुसतं ठेवायचं?

तेव्हा आता ये. पोरांना घेऊन ये, सुनेला घेऊन ये, पोराला सुट्टी नसली तर त्याला राहू दे. रात्री गाडीत बसलात की सकाळी सोलापूर, मी दाजींना स्टेशनवर पाठवते. चार दिवस का होईना, चारच्या सुमाराला तुझी परात वाजू दे. जुळ्यांना मी पायरीवर बसवते, त्यांच्या हातात एकेक टणक तुकडा देते, दात शिवशिवत असतील त्यांचे. लवकर ये गं. आणि ह्या खेपेला पावसाचं कारण सांगू नकोस, इथं आभाळ अगदी कोरडं आहे.